साडेसहाला खोलीत कुणीही नव्हतं

शास्त्रीय गाण्याचा तो कार्यक्रम आधी दीड तासाचा होता आणि संध्याकाळी लागायचा. मग तो तासाचा झाला. मग भर दुपारी गेला, जेव्हा माणसं कामावर असतात आणि टीव्ही रिकाम्या सोफ्याला गाणं ऐकवत बसतो. शेवटी रविवारी सकाळी साडेसहाला येऊन पडला. अर्धा तास, त्यात आठ मिनिटं जाहिराती. उरलेल्या बावीस मिनिटांत गाणाऱ्याने आलाप करायचा, लय वाढवायची आणि हात जोडून उठायचं. काटेवाल्याने एकदा रिमोट घेऊन पहिल्या वाहिनीपासून शेवटच्यापर्यंत सगळ्या मोजल्या होत्या. एकशे त्रेचाळीस भरल्या. भांडणं, स्वयंपाक, भविष्य, न चिकटणाऱ्या तव्यांची विक्री, सगळं होतं. असं गाणं एकाच ठिकाणी, आठवड्यातून बावीस मिनिटं.

तो तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करायचा, म्हणून काटेवाला. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका जिन्याखाली त्याचं दुकान होतं. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने रस्त्यावर उभं राहून बोलायचं. टेबलावर पोटं उघडलेले काटे पालथे पडलेले, भिंतीला जुन्या तराजूंच्या दांड्या टांगलेल्या, आणि एका लाकडी पेटीत मखमलीच्या खाचांतून बसवलेली पितळी वजनं. रस्त्याचा हादरा लागू नये म्हणून त्याने टेबलाच्या पायांखाली रबराचे तुकडे सरकवले होते. तरी बस गेली की काट्यावरचा शेवटचा आकडा थरथरायचा, आणि तो थांबेपर्यंत काटेवाल्याच्या जिवाला थारा नसायचा. पाय हलव, बोटांनी टेबल वाजव, ऊठ, पुन्हा बस. त्याची बायको म्हणायची, "यांना पहिल्यांदा बसवलं तेव्हा खालची फळी तिरकी असणार."

त्या बावीस मिनिटांत मात्र तो हलत नसे. खुर्चीत ताठ बसायचा, तळवे मांड्यांवर, डोळे मिटलेले. तिशीच्या आत कधीतरी शेजाऱ्याकडे काटा पोचवायला गेला असताना त्यांच्या टीव्हीवर एक बाई एकच सूर लावून बसलेली त्याने पाहिली होती. सूर हलत होता आणि हलत नव्हता. काट्याची सुई मधोमध येऊन थांबण्याआधी जशी उगाच एकदा इकडे, एकदा तिकडे होते, तसं. काटा हातात धरून तो दारातच उभा राहिला होता. गाणं त्याला कुणी शिकवलं नाही, रागांची नावं तो निम्मी चुकवायचा. पण सूर जागेवर आला की त्याला कळायचं.

मुलगा म्हणाला होता, "बाबा, फोनवर सगळं आहे. गेलेले गवईसुद्धा आहेत. पाहिजे तेव्हा लावा की."

त्याने तेही करून पाहिलं. दोन तासांत अकरा गाणी सुरू केली आणि एकही संपवलं नाही. निवड हातात आली की त्याचा हात गप्प बसत नसे. टीव्हीवरचं गाणं दुसऱ्याने निवडलेलं असायचं, ते आलं की ऐकायचं आणि गेलं की गेलं. आणि दुसरी गोष्ट मास्तरांची. मास्तर शाळेत व्हायोलिन शिकवून निवृत्त झालेले, गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहायचे. सात वाजून एक मिनिटाने त्यांचा फोन यायचा.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"निषाद कसा लावला त्याने?"

"तो कुठला ते तुम्ही सांगा. पण मधे एकदा हलका लागला. ग्रॅमभर."

"ग्रॅमभर म्हणे," मास्तर हसायचे. "किराणा आहे का तो? पण बरोबर. लागला हलका."

वीस वर्षांत दोघांनी एका खोलीत बसून गाणं कधी ऐकलं नव्हतं. तशी गरजच पडली नव्हती. एकाच क्षणी दोन टोकांना तेच चाललेलं असे.

डबा घरात आला त्याला दोन वर्षं झाली होती. कोण किती टीव्ही बघतं ते मोजणाऱ्या कंपनीची एक मुलगी दारात उभी राहिली आणि म्हणाली की तुमचं घर निवडलं गेलंय. हजारो घरांमागे एक घर, चिठ्ठी काढल्यासारखं. घरातले सगळे तिला मीटरवाली म्हणायला लागले. तिने टीव्हीच्या फळीवर वहीएवढा एक काळा डबा स्क्रूने बसवला आणि त्याचा छोटा रिमोट दिला. त्यावर बटणं होती. एक नंबर काटेवाल्याचा, दोन बायकोचा, तीन मुलाचा, चार सुनेचा, पाच आल्यागेल्याचा. टीव्हीसमोर जो बसेल त्याने आपला नंबर दाबायचा, उठताना पुन्हा दाबायचा. दाबला की हिरवा दिवा. टीव्ही चालू आणि नंबर कुणाचाच नाही, तर लाल दिवा उघडझाप करणार. एकदा दाबला म्हणजे झालं असंही नाही, दर थोड्या वेळाने तो पुन्हा विचारणार, आहात ना.

"आणि काका, हा डबा तुमच्याकडे आहे हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. पाहुण्यांनी विचारलं तर सांगा, आवाज वाढवायचं यंत्र आहे. नाहीतर वाहिन्यांची माणसं येतात, आमचं लावा म्हणून गळ घालतात."

काटेवाल्याला हे फार पटलं. तपासणीचा दिवस दुकानदाराला आधी कळला तर ती तपासणी कसली. कागदावर सही करताना त्याने विचारलं, "पण या डब्याची तपासणी कोण करतं?"

"मीच," ती म्हणाली. "तीन महिन्यांनी येते."

"कशाशी ताडून बघता?"

"म्हणजे?"

"म्हणजे हा बरोबर मोजतोय हे ठरवायला तुमच्याकडे अस्सल वजन कुठलं?"

मीटरवाली हसली आणि बायकोने आतून हाक मारली, "अहो, तिला जाऊ द्या, ती काटा विकायला आलेली नाही."

संध्याकाळी सून आणि बायको मालिका बघायच्या तेव्हा सून न चुकता सगळ्यांची बटणं दाबायची, आणि कुणी उठलं की तेही दाबायची. तिला नियम पाळायला आवडत. अडचण रविवारची होती. पहिल्याच रविवारी आलाप सुरू झाला आणि लाल दिवा लागला. तो लुकलुकत होता एका गतीने, गाणं चाललं होतं दुसऱ्या. डोळे मिटले तरी पापण्यांवर लाल टिकल्या पडायच्या, त्याही बेतालात. गाणं चालू असताना उठणं, यंत्राकडे हात करणं, हे त्याच्याच्याने होण्यातलं नव्हतं. मैफलीत कुणी खोकलं तरी त्याला लाज वाटायची. दुसऱ्या रविवारी त्याने वजनं पुसायचं जाड फडकं आणलं, टीव्ही लावण्याआधी डब्यावर घातलं आणि सात वाजता काढून घेतलं. झालं. टीव्ही चालू आहे, वाहिनी कुठली लागली आहे, हे तर त्या डब्याला कळतंच आहे. मग समोर कोण बसलंय याच्याशी त्याला काय करायचंय? असा त्याचा हिशेब.

त्या वसंतात एका रविवारी गाणारी तार सप्तकात गेलेली असताना पडद्याच्या तळाशी एक निळी पट्टी सरकू लागली. काटेवाल्याचे डोळे मिटलेले, त्याला काही दिसलं नाही. मास्तरांचा फोन त्या दिवशी सात वाजायच्या आधीच आला.

"वाचलंस?"

"काय?"

"अरे, पट्टी वाच ना. हा धरून तीन भाग. मग बंद. त्या जागी घरं सजवायची कशी ते दाखवणार आहेत."

काटेवाल्याने डोळे उघडले तेव्हा पट्टी पुन्हा पहिल्या शब्दावर आली होती. तो उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला.

"मी पत्र टाकलं होतं मागे," मास्तर म्हणाले. "उत्तर आलंय. ऐक. सदर कार्यक्रमाची प्रेक्षकसंख्या नगण्य असल्याचे आढळून आले आहे. नगण्य. तू नगण्य, मी नगण्य. कोण मोजतं रे हे?"

काटेवाला पुन्हा खुर्चीत बसला.

"म्हणे काही घरांत डबे ठेवलेत. कुणाच्या घरात ते गुलदस्त्यात. त्यातला एक जण मला भेटायला पाहिजे. एकच. पकडून त्याला समोर बसवीन आणि विचारीन, गृहस्था, रविवारी सकाळी काय करतोस?"

"झोपत असेल," काटेवाला म्हणाला. त्याचं लक्ष फडक्याकडे होतं.

मंगळवारी मीटरवाली तिमाही तपासणीला आली. डब्याला आपला फोन जोडून ती फळीसमोर मांडी घालून बसली. काटेवाला दुकानातून मुद्दाम लवकर आला होता.

"तुमचं घर छान आहे काका," ती म्हणाली. "बटणं वेळच्या वेळी. फक्त एक कधीपासून विचारायचं राहतंय, रविवारी सकाळी तुमचा टीव्ही उगाच चालू राहतो."

"उगाच?"

"साडेसहा ते सात. दर रविवारी. समोर कुणीच नाही. कुणी चुकून चालू ठेवून झोपतं का?"

"आणि तसं असलं, तर ते मोजणीत कसं येतं?"

"येतच नाही. माणूस नाही म्हणजे बघणारा नाही. खोलीत कुणीही नव्हतं असं धरतात."

काटेवाल्याने खुर्ची ओढली आणि बसायचं राहून गेलं. "आमचं एक घर," त्याने विचारलं, "किती घरांच्या जागी धरतात?"

"आकडा मला नाही सांगत. पण हजारांत असणार."

ती गेली. तो दारातच उभा होता. हजारो घरं, आणि प्रत्येकात एक माणूस खुर्चीत ताठ बसलेला, तळवे मांड्यांवर. दोन वर्षं दर रविवारी त्याने त्या सगळ्यांच्या तोंडावर फडकं टाकलं होतं.

त्या आठवड्यात त्याचं कामात लक्ष लागेना. काटा तपासताना तेच वजन पारड्याच्या चारही कोपऱ्यांत ठेवून बघायचं असतं. चारीकडे आकडा सारखा आला तरच काटा खरा. त्याने तीन कोपरे बघितले आणि चौथा विसरला, असा एक काटा बेकरीवाल्याकडे गेला. बेकरीवाला संध्याकाळी काटा बगलेत मारून आला.

"काटेवाले, हा उजवीकडे माझ्या बाजूने बोलतो. मला चालेल, पण तुम्हाला नाही चालणार."

काटेवाल्याने मान खाली घालून तो उघडला. असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं. त्याचा मेहुणा धान्याचा व्यापारी. एकदा त्याने काटा किलोमागे वीस ग्रॅम हलका करून मागितला होता, घरचा माणूस म्हणून. काटेवाल्याने नकार दिला, आणि मेहुणा अकरा वर्षं बोलला नाही. बहिणीच्या मुलीच्या लग्नातसुद्धा त्याने काटेवाल्याकडे न बघता दोन खांबांच्या मधून वाट काढली होती. त्याचं काटेवाल्याला कधी वाईट वाटलं नाही. आता वाटत होतं ते वेगळंच. रिमोट घरी फळीवर पडला होता, त्यावर पाच बटणं होती, आणि रविवार दोन उरले होते. पाच नंबर दाबले तर पाच माणसं. पाच गुणिले हजारो. त्याने मनात गुणाकार केला, पुसला, पुन्हा केला. जे खरंच ऐकत होते आणि मोजले गेले नाहीत, त्यांची भरपाई करायची. यात खोटं ते काय?

रविवारी तो सहा वाजताच उठला. मुलगा आणि सून त्यांच्या खोलीत झोपलेले, बायको स्वयंपाकघरात. त्याने फडकं घातलं नाही. टीव्ही लावला, लाल दिवा लुकलुकला, आणि त्याने एक दाबलं. हिरवा. मग दोन. मग बोट तीनवर गेलं आणि तिथे थांबलं. आतून मुलाच्या घोरण्याचा आवाज येत होता. काटेवाल्याने तीन दाबलं. चार दाबलं. पाच दाबलं. पाच हिरवे ठिपके ओळीने उभे राहिले.

गाणं सुरू झालं. त्याने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. सोफ्यावर कुणी नव्हतं, तरी तिथे चार जणं दाटीवाटीने बसल्यासारखं त्याला वाटत होतं. थोड्या वेळाने डब्याने विचारलं, आहात ना, आणि त्याने पुन्हा एकापाठोपाठ पाच वेळा बोट आपटलं. गाणारा काय गात होता? तरुण होता, निळा झब्बा होता, एवढं दिसलं. सूर कानाशी यायचे आणि गळून पडायचे. सात वाजले तेव्हा काटेवाल्याच्या पाठीला घाम आला होता.

फोन वाजला.

"ऐकलंस?" मास्तर खुशीत होते. "पोरगा काय तयारीचा आहे रे. मधे त्याने एक जागा घेतली, षड्जावर येतो येतो म्हणताना आलाच नाही, वरच्या वर थांबला. तुला कशी वाटली?"

"चांगली."

"चांगली? फक्त चांगली? हलकी लागली की जड?"

काटेवाल्याने डब्याकडे पाहिलं. "मास्तर," तो म्हणाला, "मी नाही ऐकलं. समोर बसलो होतो, पण ऐकलं नाही. तो डबा माझ्या घरात आहे."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दोन वर्षं झाली. दिवा लागायचा, त्याचा त्रास व्हायचा, म्हणून मी झाकून ठेवायचो. बटण दाबलं नाही. त्यांच्याकडे नोंद अशी आहे की आमच्या खोलीत कुणी नव्हतं."

"म्हणजे ते नगण्य," मास्तर सावकाश म्हणाले, "ते तू."

"हो. आणि आज मी झोपलेल्या माणसांचीपण बटणं दाबली."

मास्तरांनी फोन ठेवला. आपटला नाही, नुसता ठेवला.

बायको हात पुसत दारात आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिला वाटलं होतं आपण रागावू किंवा हसू, पण आपल्याला नक्की काय वाटतंय तेच तिला कळेना. "माझंपण दाबलंत?" तिने विचारलं.

"दोन नंबर. हो."

"मग ते खोटं कसं? मी ऐकतच होते. वीस वर्षं मी आतून ऐकतेय. तो पोरगा वरच्या वर थांबला तेव्हा माझा गॅसवरचा हात थांबला. तुमच्या डब्यात आतून ऐकणाऱ्याला नंबर आहे का?"

काटेवाल्याने रिमोट फळीवर ठेवला. वीस वर्षांत त्याने तिला एकदाही विचारलं नव्हतं, ऐकलंस का म्हणून.

"खोलीत असावं लागतं," तो शेवटी म्हणाला.

"असावं लागतं ना? मग माझा निम्मा जन्म कुठे नोंदवणार?" ती म्हणाली आणि आत गेली.

सोमवारी त्याने दुकानातून मीटरवालीला फोन केला. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, त्याने एका कानावर हात धरला.

"कालची आमच्या घरची नोंद खोटी आहे. काढून टाका."

"काय झालं काका?"

"पाच नंबर दाबले होते, खोलीत मी एकटा होतो. तीन, चार, पाच खोटे. दोनचं..." तो थांबला. "दोन नंबर आत होता. ऐकत होता."

"आत म्हणजे खोलीबाहेर? मग तोही धरता येणार नाही."

"मग तोही खोटा लिहा. आणि डबा आमच्याकडे आहे ते मी एका माणसाला सांगितलंय."

"काका, असा फोन मला आजवर कुणी केला नाही. हे मी वर कळवलं तर तुमचं घर काढावं लागेल. कळवलं नाही तर कुणाला कळणारही नाही."

"कळवा."

"विचार करून सांगा."

"अहो, बाजारात मी दुसऱ्याच्या दुकानात जाऊन काटे उघडतो," तो म्हणाला. "माझाच हलका निघाला तर मी झाकून कसा ठेवू? कळवा तुम्ही."

तिने कळवलं. पुढच्या सोमवारी डबा काढायला येईन म्हणाली. तोपर्यंतचं तुमच्या घरचं काहीच धरणार नाहीत, असंही म्हणाली. फोन ठेवल्यावर काटेवाल्याला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. उलट उरलेल्या आठवड्यात तो घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत राहिला. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही एकट्याने ते बंद नाही पाडलं. तुमच्यासारखे डबे शेकड्यांनी असतील." ते खरं असेल, त्याने तेही मोजून पाहिलं. पण इतर डब्यांसमोर कोण बसतं ते त्याला ठाऊक नव्हतं. या डब्यासमोर बसणारा त्याच्या चांगला ओळखीचा होता.

मास्तरांचा फोन आठवडाभर आला नाही. त्यानेही केला नाही.

शेवटच्या रविवारी सहा वाजून वीस मिनिटांनी दारावर टकटक झाली. बाहेर मास्तर उभे होते, धाप लागलेली, स्वेटरची बटणं एक सोडून एक लावलेली. पहिली बस पकडून आले असणार.

"माझा टीव्ही नीट चालत नाही," ते म्हणाले.

"या."

मास्तर आत आले आणि सरळ डब्याजवळ जाऊन उभे राहिले. वाकून त्यांनी तो पुढून मागून पाहिला. "हाच?"

"हाच."

"मला वाटलं होतं मोठा असेल," मास्तर म्हणाले आणि सोफ्यावर बसले.

बायको चहा घेऊन आली. कप ठेवले आणि आत न जाता मास्तरांपासून हातभर अंतरावर बसली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्हाला आवडतं?"

"भिंतीपलीकडून बरंच कळतं," ती म्हणाली. "समोरून कसं लागतं ते बघू."

टीव्ही लागला, लाल दिवा लुकलुकला. काटेवाल्याने रिमोट घेतला. एक दाबलं, दोन दाबलं, पाच दाबलं.

"हे आता धरणार नाहीत असं ती डबेवाली म्हणाली ना तुला फोनवर?" मास्तरांनी विचारलं. सुनेने त्यांना सांगितलं होतं म्हणे, आठवड्यात कधीतरी तिनेच फोन केला होता. "मग कुणासाठी दाबतोस?"

"आहोत म्हणून," तो म्हणाला.

त्या दिवशी एक वयस्क बाई गायला होत्या. कार्यक्रम संपतोय हे त्यांना बहुतेक कुणी सांगितलं नसावं, किंवा सांगूनही त्यांनी मनावर घेतलं नसावं. त्यांनी आलाप असा सुरू केला, जणू पुढे दोन तास मोकळे आहेत. एका खालच्या सुरावर त्या इतका वेळ राहिल्या की मास्तरांनी कप तोंडाशी नेऊन तसाच धरून ठेवला. पहिली जाहिरात त्या सुराच्या मधोमध आली. दात घासणारं कुटुंब आलं आणि गेलं. पुन्हा बाई आल्या, तिथेच, त्याच सुरावर. मग डब्याने विचारलं, आहात ना. काटेवाला उठला. चालू गाण्यात तो उठला, तीन पावलं चालला, फळीवर ठेवलेल्या रिमोटची तीन बटणं दाबली आणि परत येऊन बसला. बायकोने पाय जवळ घेऊन त्याला वाट करून दिली. त्याला वाटलं होतं, गाणं तेवढ्यात निसटेल. निसटलं नाही. तो उभा असताना, चालताना, बटण दाबताना सूर जिथे होता तिथेच होता. हे त्याला आधी कळलं असतं तर?

बाईंनी लय वाढवली. तबला आत आला, मंडळी रंगात आली, आणि सात वाजायला दीड मिनिट असताना पडदा निळा झाला. वाहिनीचं नाव आलं. मग एक हसरा माणूस रिकाम्या खोलीत उभा राहून सांगू लागला की पुढच्या रविवारपासून याच वेळेला आपण भिंतींचे रंग निवडणार आहोत.

तिघंही बसून राहिले. फोन वाजायची वेळ झाली होती, पण फोन करणारा समोरच बसला होता.

"संपवू दिलं नाही," बायको म्हणाली.

"नाही," मास्तर म्हणाले. काटेवाल्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तो खालचा सूर. कसा होता?"

काटेवाल्याने तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं की इकडे तिकडे काही नव्हतं, बरोबर मधे होता. त्याने नुसता हात आडवा धरला.

"हं," मास्तर म्हणाले.

सोमवारी मीटरवाली पिशवी घेऊन आली. डबा सुटायला पाच मिनिटं लागली. काटेवाला तिच्या मागे उभा होता, मग बाजूला, मग पुन्हा मागे.

"आता कुणाकडे लावणार?" त्याने विचारलं.

"सांगता नाही येत काका."

"आसपासच?"

"तेही नाही सांगता येत."

"त्यांना एवढं विचारा," तो म्हणाला, "घरात गाणं ऐकणारं कुणी..." आणि थांबला. मीटरवाली स्क्रू हातात धरून त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि तिला ते तोंडाने म्हणायचं नव्हतं.

"नाही," तोच म्हणाला. "विचारू नका. विचारून निवडलं तर त्याला मोजणं म्हणता येणार नाही."

तिने मान हलवली. तारा गुंडाळल्या, डबा पिशवीत ठेवला, कागद पुढे केला. त्याने सही केली. ती दारापर्यंत गेली तेव्हा त्याला राहवलं नाही, चप्पल न घालता तो जिन्यापर्यंत तिच्या मागे आला.

"एक सांगता येईल का बघा. पहिल्याच दिवशी. डोळे मिटून बसला असाल तरी बटण दाबा म्हणावं. माणूस जागा असतो."

मीटरवाली दोन पायऱ्या उतरली होती. ती थांबली, पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "हे आमच्या सूचनांच्या कागदावर नाहीये," ती म्हणाली. "पण सांगेन."

"आणि आत असेल कुणी," तो म्हणाला, "तर बाहेर येऊन बसा म्हणावं."

ती खाली उतरत गेली. तिची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावरही तो कठड्याला धरून तिथेच उभा होता, आणि बायकोने दोनदा हाक मारली तरी आत जायला त्याचा पाय उचलत नव्हता.